किरकोळ

"मॅडम, ते सोमवारीच बदललं ना."

एवढं बोलून त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावले. गुरुवारची संध्याकाळ होती, साडेसहा वाजत आले होते. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीबाहेर पावसाने असा जोर धरला होता की समोरचा रस्ता म्हणजे नुसता लाल दिव्यांचा पट्टा दिसत होता. मी त्याच्या खुर्चीमागे वही घेऊन उभी होते. वहीत दीड दिवसाचं काम होतं. लग्नाची पत्रिका नीट वाचून, साडी नेसून, आहेर घेऊन आपण कार्यालयात पोचावं आणि तिथे कुणी हॉल झाडत असावं, तसं मला झालं. मुहूर्त बदलला होता. ज्याने बदलला त्याला वाटलं होतं, कळलं असेलच सगळ्यांना.

राग यायला हवा होता, पण नीटसा आला नाही. तो मुलगा चांगला आहे. कामाला चोख आहे, उद्धट तर मुळीच नाही. त्याच्या आवाजात थोडं आश्चर्यच होतं, की एवढी साधी गोष्ट तुम्हाला माहीत कशी नाही. त्या आश्चर्याचंच मला जास्त लागलं.

तो प्रोग्रॅमर, मी टेस्टर; तो लिहितो ते मी तपासते. काम होतं एका पतसंस्थेच्या कर्जाच्या सॉफ्टवेअरचं. रक्कम, व्याजदर आणि मुदत भरली की परतफेडीचा तक्ता तयार व्हायचा. एक लाख रुपये, दरसाल १२ टक्के, घटत्या शिलकेवर, १२ हप्ते. तर महिन्याचा हप्ता येतो ८,८८४ रुपये ८८ पैसे. हा आकडा मला स्वतःच्या मोबाईल नंबरासारखा पाठ आहे. अशा चाळीस कर्जांचे तक्ते मी पडताळून ठेवले होते, सगळ्या मिळून हजाराच्या आसपास ओळी. नवीन बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आलं की माझे तक्ते एका बाजूला आणि सॉफ्टवेअरने काढलेले दुसऱ्या बाजूला ठेवायचे. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. त्या बुधवारी सकाळी शीट उघडली तर वरपासून खालपर्यंत लाल. पैसे नाहीसे झाले होते. ८,८८४.८८ च्या जागी सरळ ८,८८५, आणि त्यामुळे प्रत्येक ओळीतलं मुद्दल, शिल्लक, पुढच्या महिन्याचं व्याज, सगळंच थोडं थोडं सरकलेलं. आता हे मुद्दाम केलंय की कुठे तरी चुकून झालंय? आमच्या मान्य कागदात स्पष्ट लिहिलं होतं, पैशापर्यंत हिशेब. टिकेटमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, काही नाही, नव्या आवृत्तीबरोबरच्या रिलीज नोट्समध्ये काही नाही. टीमची लीड रजेवर. ज्या मुलाकडे हा भाग होता तो त्या दिवशी घरून काम करत होता आणि मेसेजला उत्तर येत नव्हतं. डेटाबेसच्या रकान्याचा प्रकार बदलला तर दशांश गळून पडतात, हे मी मागे एकदा भोगलेलं आहे. म्हणून मी तिथपासून सुरुवात केली. मग छपाईचा साचा, मग सर्व्हरची सेटिंग्ज. दुपारचा डबा मॉनिटरसमोरच खाल्ला. भेंडीची भाजी होती, गार झालेली, आणि पोळीचा घास तोंडात असताना मी कॅल्क्युलेटरवर पहिल्या कर्जाचे बारा महिने पुन्हा मांडत होते.

बदल मात्र अगदी योग्य होता, हे मी पहिल्यांदा कबूल करते. पतसंस्थेच्या माणसाने सोमवारच्या कॉलवर सांगितलं होतं की खातेदार हप्ता रोखीने भरतात, ८८ पैसे कुठून आणायचे? पावली तर २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आठ आणे कायद्याने चालतात, पण दुकानदार हातात घेत नाही. तेव्हा हप्ता पूर्ण रुपयात करा. आमच्या त्या मुलाने कोडमधली एक ओळ बदलली. खरोखर एकच ओळ. नंतर मी गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथे, जाऊन पाहिलं, तर त्या बदलासमोर त्याने लिहिलेला शेरा होता: "मायनर चेंज."

किरकोळ बदल.

हा शब्द मी तेव्हापासून डोक्यातून काढू शकलेले नाही. बदल किरकोळ आहे हे कोण ठरवतं? ज्याने केला तोच. त्याच्या बाजूने बघितलं तर ते खरंही असतं. एक ओळ, पाच मिनिटं, चहा निवायच्या आत झालेलं काम. पण माझ्या बाजूला त्याच एका ओळीच्या हजार ओळी होतात. टेस्टरचं सगळं काम तुलनेवर उभं असतं. समोर काय दिसतंय आणि काय दिसायला हवं, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघणं, एवढाच आमचा धंदा. त्यातली 'काय दिसायला हवं' ही बाजू कुणी गुपचूप हलवली, तर माझी नजर कितीही तयार असली तरी तिला खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं दिसायला लागतं. पुस्तकी भाषेत या बाजूला ओरॅकल म्हणतात. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आजोळचं कोकणातलं देऊळ आणि तिथे लावतात तो कौल आठवला होता. उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आजी हात जोडून टक लावून बघायची. आता गाभाऱ्यात कुणी उजव्या-डाव्याचा अर्थच बदलला आणि बाहेर बसलेल्या आजीला सांगितलं नाही, तर कळी पडेल, आजी बघेल, आणि भलतंच समजून घरी जाईल.

अण्णा, माझे वडील, मुद्रितशोधक होते. पुण्यात पेठेतल्या एका छापखान्यात सत्तावीस वर्षं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. शाईचा आणि रॉकेलचा मिळून एक वास असायचा, तो अण्णांच्या सदऱ्यालाही असायचा, धुतला तरी. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं; ती ठेवायच्या लाकडी खणांसमोर जुळारी उभे. त्यांची बोटं बघता बघता ती अक्षरं उचलून उलटी रचत जायची. अण्णांचं टेबल खिडकीशी. डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे गॅलीचं प्रूफ, म्हणजे जुळलेल्या मजकुराचा कच्चा छाप, आणि अण्णांची मान घड्याळाच्या लंबकासारखी या बाजूहून त्या बाजूला. एखादा शब्द चुकला की समासात खूण. आणि खूण दुरुस्त होऊन आली की अण्णा तेवढाच शब्द तपासत नसत, तो सबंध परिच्छेद पुन्हा वाचत. मी एकदा विचारलं, परत का वाचता? ते म्हणाले, "अगं, एक शब्द लांबला की पुढच्या ओळी सरकतात. सरकताना कुठला तरी रफार गळतो, कुठली तरी वेलांटी उलटी बसते. दुरुस्ती केलेली जागा शहाणी असते, शेजारी नासतो." आज याच कामाला मी रिग्रेशन म्हणते आणि त्याचा पगार घेते.

एका संध्याकाळी अण्णा घरी आले ते न बोलताच. पानावर बसले, पण आमटी-भात नुसता चिवडत राहिले. झालं होतं असं, की एका लेखकाने आदल्या संध्याकाळी छापखान्यात येऊन परस्पर जुळाऱ्याला गाठलं आणि एका व्यक्तीचं आडनाव बदलायला सांगितलं. जुळाऱ्याने बदललं. सकाळी अण्णांपुढे प्रूफ आलं, मूळ प्रतीत वेगळं आडनाव, प्रुफात वेगळं. अण्णांनी आपलं कर्तव्य केलं. खूण करून जुनं आडनाव परत आणलं. तसाच फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, छापून निघाला. लेखक संतापले, मालकांनी अण्णांना सगळ्यांसमोर बोललं, आणि अण्णा गप्प राहिले. आई म्हणाली, सांगायचं ना, मला कुणी कळवलं नाही म्हणून. अण्णा म्हणाले, "सांगून काय, फर्मा तर छापून झाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने एक शंभरपानी वही आणली, जुळाऱ्यांच्या खणांशेजारी भिंतीतल्या खिळ्याला टांगली आणि तिला सुतळीने पेन्सिल बांधली. जो जुळलेल्या मजकुराला हात लावेल त्याने लिहायचं: कुठल्या पानावर, काय होतं, काय केलं, कुणी सांगितलं. मला ती पेन्सिल आठवते. लाल-काळ्या पट्ट्यांची, आणि कुणी तरी दाताने चावून मागचं टोक चपटं केलेली. वही सुरुवातीला आठवडाभर कोरीच होती. मग अण्णांनी लिहिण्यासाठी मागे लागणं सोडून दिलं आणि रोज सकाळी स्वतः प्रत्येक जुळाऱ्यापाशी जाऊन विचारायला लागले, काल काय हललं? ते सांगत आणि अण्णाच वहीत लिहून घेत. महिन्याभराने ते आपणहून लिहायला लागले.

शुक्रवारी मी हे सगळं त्या मुलाला सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं, की मला कळवत जा. तो अगदी मनापासून म्हणाला, "पण मॅडम, सगळं गिटमध्ये असतंच की. कोणी बदललं, कधी बदललं, कोणती ओळ. कधीही बघा." हेही खरं. एवढी काटेकोर नोंद अण्णांच्या वहीत कधीच नव्हती. पण नोंद असणं वेगळं आणि सांगितलेलं असणं वेगळं. तलाठ्याच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर नोटीस डकवली की कागदोपत्री गावाला कळवलं. गावात मात्र ज्याची जमीन जाणार आहे तो त्या वेळी शेतात खुरपत असतो. आमच्या प्रोजेक्टवर दिवसाला तीस-चाळीस कमिट, म्हणजे असे नोंदवलेले बदल, पडतात. त्यातली हप्त्याची ओळ माझी आहे हे मला वाचून शोधावं लागेल, आणि त्याला ते न शोधताच माहीत होतं.

त्या शनिवार-रविवारी मी एरियन ५ रॉकेटच्या अपघाताचा चौकशी अहवाल पुन्हा काढून वाचला. आमच्या क्षेत्रात तो सगळ्यांना ऐकून माहीत असतो. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू, नव्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण, आणि चाळीस सेकंदांच्या आत आकाशात चुरा. चार उपग्रह गेले. दिशा सांगणारं यंत्र जुन्या एरियन ४ वरून जवळपास जसंच्या तसं उचललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त, त्यामुळे एक आकडा इतका वाढला की सोळा बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावेना. यंत्र बंद पडलं, आणि त्याच्या जोडीला ठेवलेलं दुसरंही त्याच कारणाने. आकडा मावला नाही ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्या रात्री थांबवलं ते दुसऱ्याच तपशिलाने. त्या यंत्राकडून काय काय अपेक्षित आहे याच्या कागदात एरियन ५ च्या उड्डाणमार्गाची आकडेवारी घातलेलीच नव्हती. तेव्हा ज्यांनी ते यंत्र तपासलं, त्यांनी कागदाप्रमाणे तपासलं आणि ते कागदाप्रमाणे पास झालं. रस्ता बदलला होता, आणि तपासणाऱ्याच्या टेबलावर जुन्या रस्त्याचा नकाशा होता. मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. समोरच्या सोसायटीत कुणाकडे तरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, इतक्या रात्री.

आता मूळ गोष्ट, जी मी आतापर्यंत बाजूला ठेवली.

त्या गुरुवारी "सोमवारीच बदललं" हे ऐकल्यावर मी जागेवर परत आले आणि हजार लाल ओळी एकदम निवडल्या. शेरा लिहिला: बदल अपेक्षित. आणि सगळ्या बंद केल्या. एका टिचकीत. थकले होते, अपमान झाल्यासारखं वाटत होतं, बस चुकणार होती. त्या हजार ओळींत चाळीस ओळी अशा होत्या, ज्या बंद व्हायला नको होत्या. प्रत्येक कर्जाचा शेवटचा हप्ता. हप्ता ८,८८५ केला की खातेदार दर महिन्याला बारा-बारा पैसे जास्त भरतो, आणि ते व्याजासकट साचून वर्षाअखेर साधारण दीड रुपया होतात. तो शेवटच्या हप्त्यात वजा व्हायला हवा, म्हणजे तिथे ८,८८३ आणि वर काही पैसे यायला हवेत. सॉफ्टवेअर तिथेही ८,८८५ च दाखवत होतं. शिल्लक उणे जात होती, पण उण्याच्या जागी शून्य दाखवायची सोय पूर्वीच कुणी तरी करून ठेवलेली, म्हणून पडद्यावर सगळं स्वच्छ. एरवी त्या चाळीस ओळी हिरव्या रानात लाल फुलासारख्या मला दिसल्या असत्या. सगळंच लाल होतं, मला दिसल्या नाहीत.

त्या सापडल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याला. गिरणीच्या मोटरसाठी त्याने एक लाखाचं कर्ज काढलं होतं. तक्ता हातात पडला तशी त्याने सगळी बेरीज हाताने केली आणि शाखेत जाऊन विचारलं, हा वरचा दीड रुपया कसला? शाखेने त्याच्या कागदाचा फोटो काढून पाठवला आणि तो टिकेटला जोडला गेला. दिनदर्शिकेच्या पानाची कोरी बाजू. पेन्सिलीने बारा महिन्यांची उभी मांडणी, व्याज डावीकडे, मुद्दल उजवीकडे, हातचे बारीक अक्षरात वर. कोपऱ्यात पांढरट बोटांचे ठसे, बहुधा पिठाचेच. मी तो फोटो मोठा करून ओळीने वाचला. त्याची एकही वजाबाकी चुकलेली नव्हती. जे काम मी करायचं ते त्याने केलं होतं, आणि त्याला ते करायला लागायला नको होतं. दीड रुपयाने कुणी गरीब होत नाही हे मला कळतं. तरीही त्या फोटोपुढे मला मान वर करवेना.

हे सगळं त्या मुलावर ढकलावं असं मला मध्येच वाटायचं, आणि मग आई आठवायची. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आईची रक्तदाबाची गोळी बदलली. सकाळची एक बंद करून रात्रीची दिली. मी डबीत गोळ्या बदलून ठेवल्या, फाईलमध्ये नवा कागद लावला, आणि ऑफिसला निघून गेले. दिवसा आईजवळ असणाऱ्या मावशींना सांगायचं राहिलं. त्या बिचाऱ्या सकाळच्या कप्प्यात गोळी नाही म्हणून अकरा वाजेपर्यंत कपाटं धुंडाळत राहिल्या, शेजारच्यांना विचारून आल्या, आणि मला फोन करायला घाबरल्या, की ताई म्हणतील गोळी हरवली. संध्याकाळी मी म्हटलं, "अहो, ते डॉक्टरांनी बदललं ना!" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तीच नजर त्या गुरुवारी माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर असणार, याची मला आता खात्री आहे. फाईलमध्ये कागद होता. मावशींना फाईल वाचता येत नव्हती.

टीममध्ये बोलणं झालं तेव्हा पहिला उपाय निघाला तो ऑटोमॅटिक मेलचा. कुणीही मूळ कोडमध्ये काहीही मिसळलं, म्हणजे मर्ज केलं, की मला मेल. चार दिवसांत माझ्या मेलबॉक्सचा असा ओढा झाला की मी त्याला बांध घालून ते सगळे मेल एका फोल्डरमध्ये वळवले, आणि मग त्या फोल्डरकडे बघेनाशी झाले. यंत्राने सगळं सांगणं हे न सांगण्यासारखंच असतं, असं माझं मत झालं आहे. यंत्राला कशात काय गुंतलंय ते ठाऊक नसतं. लीड म्हणाली, फार सांगितलं तर टेस्टर तेवढंच बघेल, कोऱ्या नजरेने बघणं जाईल. या आक्षेपात मात्र दम आहे. अण्णा म्हणायचे तसं, दुरुस्तीची जागा बोटाने दाखवली की डोळा तिथेच अडकतो आणि शेजार निसटतो. म्हणून आम्ही तीन ओळी ठरवल्या, माणसाने माणसाला लिहायच्या. काय बदललं. का बदललं. आणि तिसरी, जी मी हट्टाने घालून घेतली: यामुळे आणखी कुठे काही हललं असेल अशी शंका येते. पहिल्या ओळीने माझे तक्ते जुने झाले की नाहीत ते कळतं. दुसरीने नवे कसे मांडायचे ते कळतं. तिसऱ्या ओळीसाठी त्याला बदल करून झाल्यावर थोडा वेळ स्वस्थ बसून विचार करावा लागतो, आणि बऱ्याचदा ती लिहिता लिहिता तो परत कोड उघडतो.

पहिले काही दिवस ओळी येईनात. मी अण्णांची युक्ती केली. सकाळी कॉफी घेऊन प्रत्येकाच्या जागेपाशी जायला लागले, काल काय हललं? दोघा-तिघांना ते पोलिसी वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मला वाईट वाटलं, पण जाणं थांबवलं नाही. आता त्या मुलाच्या ओळी वेळेवर येतात. परवा तर बदल करायच्या आधीच त्याने विचारलं, "मॅडम, दंडव्याजाच्या तारखेला हात लावणार आहे, तुमचे कुठले तक्ते मोडतील?" हा प्रश्न ऐकायला मला या क्षेत्रात येऊन एकोणीस वर्षं लागली. मी त्याला सहा कर्जांचे नंबर दिले.

काल पुन्हा पाऊस होता. साडेपाचच्या सुमाराला त्याच्या तीन ओळी आल्या. पहिली नीट, दुसरी नीट. तिसऱ्या ओळीत एवढंच लिहिलं होतं, "बाकी किरकोळ." मी वही उचलली आणि त्याच्या खुर्चीकडे गेले. तिथे पोचायच्या आतच त्याने हेडफोन काढून ठेवले होते, आणि शेजारची रिकामी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.